खरेदीचा दर आणि वापराचा खर्च



ज्या घरात घरखर्चाची वही लिहिली जाते, त्या घरातील वहीतसुद्धा वस्तूचे नाव आणि तिच्यापुढे दिलेली रक्कम एवढेच सापडते. ती वस्तू किती दिवस टिकली, तिच्या दुरुस्तीला काय लागले, ती चालविण्यासाठी वीज अथवा इंधन किती गेले, याची नोंद कोठेच नसते. दुकानदाराला दिलेली रक्कम हा झाला दर. वस्तू घरात आल्यापासून ती निकामी होईपर्यंत तिच्यापायी जे जे गेले, तो खर्च. या दोहोंत पुष्कळदा मोठे अंतर असते आणि ते ध्यानात येते तेव्हा पैसे हातचे गेलेले असतात. घराच्या बाबतीत जे घडते तेच गावाच्याही बाबतीत घडते. किंबहुना गावाच्या बाबतीत ते अधिक ठळक दिसते. म्हणून आरंभ गावातील एका वस्तूपासून करणे सोयीचे.

ती वस्तू म्हणजे हातपंप. १९६६-६७ च्या दुष्काळानंतर कठीण खडकात विंधन विहिरी घेण्याचे काम देशात मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. विहिरी खोदण्यास यंत्रे आली, पैसा आला, पाणीही लागले. त्या विहिरींवर जे पंप बसविण्यात आले ते मात्र बिडाचे होते. मूळ घडण एका कुटुंबाने आपल्या परसातील विहिरीवर वापरावी अशी. दिवसाकाठी दहा-वीस कळश्या भरणाऱ्या घराला ती पुरेशी होती. गावात त्याच दांड्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत शेकडो माणसांचे हात पडू लागले. सांधे झिजले, दांडे मोडले, बिडाला तडे गेले. विहिरीत पाणी असून वर काढता येईना आणि गाव पुन्हा ओढ्याच्या वाटेने गेले. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पाहणी झाली तेव्हा बसविलेल्या पंपांपैकी बहुसंख्य पंप बंद पडलेले आढळले. कागदोपत्री खरेदी स्वस्तात झाली होती. तिच्या पाठीशी असलेली खोदाईची सारी रक्कम मात्र निरुपयोगी होऊन पडली होती.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात महाराष्ट्राचा वाटा आहे, ही गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही. सोलापूर आणि जालना येथे पाणीपुरवठ्याचे काम करणाऱ्या मिशनरी संस्थांच्या कार्यशाळांत बिडाऐवजी पोलाद वापरून, दांड्याच्या सांध्यात बदल करून अधिक टणक पंप तयार करण्यात आले होते. त्यांपैकी सोलापूरच्या पंपाचा आधार घेऊन, युनिसेफच्या साहाय्याने, १९७० नंतरच्या दशकात ‘इंडिया मार्क २’ हा हातपंप सिद्ध झाला. पुढे त्यासाठी भारतीय मानक ठरले आणि आफ्रिकेतील अनेक देशांनीही तो स्वीकारला. जुन्या बिडाच्या पंपापेक्षा त्याचा दर अधिक होता. तथापि तो चालू राहत असे, आणि पंपाच्या बाबतीत चालू राहणे याहून दुसरा गुण कोणता मागावयाचा?

आता हाच हिशेब घरात आणून पाहावा. समजा, दीडशे रुपयांची चप्पल चार महिने टिकते आणि सहाशे रुपयांची चांगल्या चामड्याची चप्पल, मध्ये दोन वेळा मोच्याकडून टाके व तळ घालून, तीन वर्षे जाते. दुरुस्तीचे दीडशे धरले तरी दुसरीचा तीन वर्षांचा खर्च साडेसातशे. पहिलीचे नऊ जोड लागतील, म्हणजे साडेतेराशे. विजेच्या दिव्याचे उदाहरण तर याहून बोलके आहे. साठ वॅटचा जुन्या पद्धतीचा दिवा रोज पाच तास लावला तर वर्षाला सुमारे ११० युनिट वीज घेतो. तेवढाच उजेड देणारा नऊ वॅटचा एलईडी दिवा साडेसोळा युनिटच्या आसपास. युनिटला सहा रुपये धरले तर एका दिव्यामागे वर्षाला साडेपाचशे रुपयांहून अधिक फरक पडतो. जुना दिवा दुकानात स्वस्त मिळत असे, यात शंका नाही. त्याचे उरलेले पैसे वीजबिलातून दर महिन्याला वसूल होत असत.

येथे एक आक्षेप येतो आणि तो योग्य आहे. ज्याच्या खिशात आज दोनशेच रुपये आहेत त्याला सहाशेची चप्पल घेण्याचा उपदेश करून काय उपयोग? त्याला हिशेब कळत नाही असे मुळीच नाही. रोजंदारीवर जाणारी बाई आठवड्याच्या बाजारात पावशेर तेल घेते तेव्हा डबा घेतला तर किलोमागे किती वाचले असते हे तिला तोंडपाठ असते. एकरकमी पैसा हाती नसणे हीच तिची अडचण. ज्याच्यापाशी पैसा कमी, त्यालाच तीच वस्तू अधिक दराने, हलक्या प्रतीची आणि वारंवार घ्यावी लागते. काटकसरीवर बोलणाऱ्यांनी हे आधी मान्य केले पाहिजे; अन्यथा त्यांचे बोलणे पोटभर जेवलेल्याने उपवासाचे महत्त्व सांगण्यासारखे होते.

या अडचणीवर बाजाराने काढलेला तोडगा म्हणजे हप्ता. हप्त्याने वस्तू घेणे सर्वथा वाईट असे नाही. शिवणयंत्र हप्त्याने घेऊन त्याच्या कमाईवर हप्ते फेडणारी कुटुंबे गावोगाव आहेत. परंतु हप्त्याचा कागद वाचता आला पाहिजे. बारा हजारांची वस्तू, दहा टक्के व्याज, बारा हप्ते, असे सांगितले जाते. बारा हजारांवर बाराशे व्याज, एकूण तेरा हजार दोनशे, म्हणजे महिन्याला अकराशे. ऐकावयास सरळ वाटते. वस्तुतः मुद्दल दर महिन्याला फिटत असते; सहाव्या महिन्यानंतर निम्म्याच्या आसपास रक्कमच कर्जदाराकडे उरते. व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण बारा हजारांवर आकारलेले असते. घटत्या शिलकेवर हिशेब केला तर हा दर दहा नव्हे, अठरा टक्क्यांच्या घरात जातो. ‘शून्य टक्के व्याज’ अशी पाटी असते तेव्हा रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती येथे मिळत नाही, किंवा प्रक्रिया शुल्क म्हणून काही रक्कम आधीच कापली जाते. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच वास्तवात नसल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना कळविले होते.

न वाचलेल्या कागदाची किंमत महाराष्ट्राने पूर्वी मोजलेली आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांच्या दारात जमले आणि त्यांनी कर्जरोखे हस्तगत करून जाळले. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत ते लोण पसरले. ज्या रोख्यांवर अंगठे उमटले होते त्यांत काय लिहिले आहे हे अंगठा देणाऱ्याला ठाऊक नसे, ही त्या असंतोषामागची एक मोठी तक्रार होती. तिची दखल घेऊन १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. आज अंगठ्याच्या जागी भ्रमणध्वनीवर आलेला सहा आकडी संकेत सांगितला जातो, एवढाच फरक काही ठिकाणी दिसतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जाच्या प्रत्येक कर्जदाराला, त्याला समजेल अशा भाषेत, कर्जाच्या मुख्य अटींचे विवरणपत्र देणे बँका व वित्तसंस्थांवर बंधनकारक आहे. सर्व शुल्के मिळवून वर्षाचा खरा दर किती, हे त्यावर लिहिलेले असते. ते मागून घ्यावे व सहीपूर्वी घरी आणून शाळेत जाणाऱ्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावे.

दुसरा तोडगा लोकांनी स्वतः काढलेला आहे आणि तो जुना आहे. दहा बायकांनी भिशी लावावी, जिचा नंबर लागेल तिने त्या रकमेतून भांडे किंवा कपाट रोखीने घ्यावे, ही रीत शिक्षणाशिवाय चालत आली. भिशीत ओळखीपलीकडे तारण नसते, म्हणून ती ओळखीपुरतीच ठेवावी हे बरे. महिला बचत गटांनी याच रीतीला नोंदवही आणि बँकेचे खाते यांची जोड दिली. शहरात १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट करून, महिन्याच्या वाणसामानाची यादी एकत्र करून, घाऊक खरेदी व वाटप सुरू केले. एकत्र मागणीची ताकद किती असते याचे मोठे उदाहरण पुन्हा दिव्यांचेच आहे. सरकारी यंत्रणेने एलईडी दिव्यांची घाऊक खरेदी सुरू केली तेव्हा, २०१४ च्या आरंभी, एका दिव्यामागे सुमारे ३१० रुपये पडत होते. २०१६ मध्ये तोच दर ३८ रुपयांपर्यंत उतरला. जो दिवा सामान्य घराला न परवडणारा होता, तो दोन-अडीच वर्षांत परवडू लागला.

चांगली वस्तू ओळखावी कशी, हा पुढचा प्रश्न. महाग ती चांगली, किंवा जिची जाहिरात अधिक ती चांगली, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. जाहिरातीचा खर्च वस्तूच्या टिकाऊपणात भर घालीत नाही. त्यापेक्षा खुणा पाहाव्यात. प्रेशर कुकरवर आयएसआय चिन्ह असणे आता सक्तीचे आहे. त्या चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली परवाना क्रमांक असतो. दोन्ही नसतील तर नुसत्या चिन्हाला अर्थ नाही. सोन्याच्या दागिन्यावर मानक ब्यूरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षरांकांचा स्वतंत्र ओळख क्रमांक अशा तीन खुणा असतात. बावीस कॅरटसाठी आकडा ९१६ असतो. शिवाय घडणावळ किती व खड्यांचे वजन सोन्यात धरले आहे काय, हे पावतीवर वेगळे लिहून घ्यावे. लग्नसराईच्या गर्दीत ही विचारपूस करणे अनेकांना कमीपणाचे वाटते. फ्रिजवरील ताऱ्यांच्या पट्टीत वर्षाला किती युनिट वीज लागेल तो आकडा छापलेला असतो. ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होत असल्यामुळे पट्टी कोणत्या वर्षाची आहे हेही पाहावे लागते.

सगळेच उत्तम प्रतीचे घ्यावे असे मात्र कोणी समजू नये. वाढत्या वयाच्या मुलाला सहा महिन्यांत आखूड होणारा सदरा भारी कापडाचा कशाला? वर्षातून एकदा लागणारे मोठे पातेले विकत घेण्यापेक्षा मंडळाकडून भाड्याने आणलेले बरे. रोज हाताळावी लागणारी, जिच्यावर जिवाची सुरक्षितता अवलंबून आहे किंवा जी चालविण्यास खर्च येतो, अशा वस्तूंत पैसा घालावा. बाकीच्यांत हात आखडता घेण्यास हरकत नाही. लग्नाचा बस्ता, मानपान यांविषयी वेगळे बोलावे लागेल. तेथे वस्तूच्या गुणाचा संबंधच नसतो.

पंचायतीच्या खरेदीत न्यूनतम दराची निविदा मंजूर करावी लागते, यामुळे हलका माल माथी येतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तीत तथ्य आहे. पण पूर्ण नाही. दरांची तुलना मागणीपत्रातील अटी पूर्ण करणाऱ्यांतच होते. ‘पथदिवे, नग वीस’ एवढेच लिहिले तर जे येईल ते घ्यावे लागते. मानकाचा क्रमांक, वॅट, हमीची वर्षे, बिघाड झाल्यास किती दिवसांत बदलून मिळेल, सुटे भाग तालुक्याला मिळतात काय, या गोष्टी मागणीपत्रात आल्या तर न्यूनतम दराचा नियम पाळूनही चांगली वस्तू मिळू शकते. मागणीपत्र लिहिणाऱ्याचे अर्ध्या तासाचे काम पुढील पाच वर्षांचा खर्च ठरविते.

पावती घेण्याचा कंटाळा हा खेड्यात आणि शहरात सारखाच आहे. पावती नसेल तर हमी नाही आणि तक्रारीलाही बळ राहत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदाराला आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील देण्याची सक्ती नाही. मुदत दोन वर्षांची आहे. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर दूरध्वनी केल्याने पुष्कळशी प्रकरणे मिटतात.

शिक्षकांसाठी एक सूचना. सातवी-आठवीच्या गणितात नफा-तोटा आणि सरळव्याज शिकविले जाते. उदाहरणांतील व्यापारी मात्र कोणाच्याच ओळखीचा नसतो. त्याऐवजी मुलांना घरातील रिकाम्या पुड्यांची वेष्टने आणावयास सांगावीत. २०२१ च्या दुरुस्तीनंतर आवेष्टित वस्तूवर दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमत छापण्याचा नियम झाला आहे. तिच्यावरून मोठे व लहान पुडे ताडून पाहावेत. मोठा पुडाच नेहमी स्वस्त पडतो असे नाही, शांपूच्या पुडीत कित्येकदा उलट आढळते, हे मुलांना स्वतःच सापडेल. किंमत तीच राहून वजन कसे घटते, हेही जुनी-नवी वेष्टने शेजारी ठेवल्यावर दिसेल. बारीक अक्षरांत छापलेला वजनाचा आकडा शोधण्यातच बहुधा पहिला तास जाईल.