पाणी बघायला गेलो होतो

(धाराशिव इथं तरुणांच्या शिबिरात केलेलं भाषण)



पत्रकात माझ्या नावापुढं 'कवी व कामगार' छापलंय आणि विषय दिलाय 'श्रम आणि साहित्य'. या विषयावर बोलणारे प्राध्यापक पुष्कळ आहेत, त्यांना त्याचा भत्ताही मिळतो. मी मुंबईच्या गोदीत माल वाहतो. ठेकेदाराच्या टोळीत आहे. दहावी पास, तेही दुसऱ्या खेपेला. मी आज एका धबधब्यावर बोलणार आहे. हसा, हसून घ्या. मीही हसलो होतो.

गोष्ट अशी की, आमच्या वखारीच्या ऑफिसात भिंतीला एक कॅलेंडर होतं. त्याच्यावर आफ्रिकेतला तो मोठा धबधबा. झांबेझी नदीचा, झांबिया आणि झिंबाब्वेच्या सरहद्दीवरचा. दीड किलोमीटरहून जास्त रुंद पाण्याची भिंत, उंची १०८ मीटर. खाली इंग्रजीत छापलेलं, व्हिक्टोरिया फॉल्स. त्याच दिवसांत आम्ही कंटेनर फोडून तुरीची पोती काढत होतो. पोत्यावर मोझांबिक. झांबेझी तिथूनच समुद्राला मिळते. म्हणजे त्या नदीच्या मुलखातली तूर माझ्या पाठीवर आणि इकडं माझ्या चुलत्याची तूर तुळजापूरच्या बाजारात भाव नाही म्हणून पडून. २०१६ साली आपल्या सरकारनं मोझांबिकशी तूर आणायचा करार केला, तो पेपरात वाचला असेल तुम्ही. मी तो पाठीवर वाचला. असो. तुरीवर पुन्हा कधीतरी बोलू.

त्या धबधब्याला तिथल्या लोकांचं नाव होतं, मोसी-ओआ-तुन्या. गरजणारा धूर. १८५५ साली लिव्हिंग्स्टन नावाचा गोरा पाद्री तिथं पोचला. पोचला म्हणजे काय, तिथल्याच काळ्या माणसांनी त्याला होडीत घालून नेला. वल्ही त्यांची, नदी त्यांची, वाट त्यांना ठाऊक. त्यानं वरून पाणी बघितलं आणि आपल्या राणीचं नाव ठेवून मोकळा झाला. पुस्तकात मग 'शोध लावला' असं आलं. नाव कोण ठेवतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्या आज्या-पणज्यांची नावं काय होती? धोंडी, दगडू, कचरू. पाटलाच्या पोराचं नाव कचरू ऐकलंय कधी? आणि गंमत बघा, त्याच राणीचं नाव आमच्या मुंबईतल्या एका गोदीलाही होतं. शेजारची १९१४ ची अलेक्झांड्रा, ती पुढं इंदिरा झाली. राण्या बदलल्या, पोतं तेच.

तर मला तो धबधबा बघायचा होता. एकट्यानं. कशासाठी, ते विचारू नका, मलाही सांगता येत नाही. पासपोर्ट नाही, पैसा नाही, सुट्टी घेतली तर त्या दिवसाचा रोज बुडतो. मुकादमाला बोललो तर म्हणाला, "तुझ्या जिल्ह्यात हाय की नळदुर्गाला, जा बघून." च्यायला! माझं गाव तुळजापूर तालुक्यात. लहानपणापासून 'नर-मादी, नर-मादी' ऐकत आलो आणि आमच्या घरातलं एक माणूस तिथं गेलेलं नाही.

विचार करा दोस्तांनो, आपली माणसं प्रवास कमी करत नाहीत. ऊस तोडायला कोल्हापूर-कर्नाटकापर्यंत जातात. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला ह्या कामावरून त्या कामावर गेली, पाटीत माझ्या बापाला घालून. बाप मुंबईला गेला, मी गेलो. पण नुसतं बघायला? काम नाही, लगीन नाही, मयत नाही, सहा डिसेंबरही नाही आणि आपला माणूस एकटा गाडीत बसून पाणी बघायला निघालाय, असं आपल्या घरात कधी झालं? आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "आरं, पाणी बघायला तिकीट काढून जातूस व्हय? पाणी प्याचं आसतंय."

सप्टेंबरात वरचं बोरी धरण भरून सांडलं आणि नळदुर्गाला पाणी सुटल्याचा भावाचा फोन आला. मी रातोरात सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात बसलो. म्हणजे उभा राहिलो. सकाळी सोलापूर, तिथून हैदराबाद रस्त्यानं एसटी.

आता एसटीत जे झालं ते सांगतो. ते सांगण्यासाठीच हा विषय घेतलाय, नाहीतर मीही श्रम आणि साहित्यावर बोललो असतो. शेजारी एक म्हातारा बसला. धोतर, पटका, चांगला बोलका माणूस. कुठं निघालास, मुंबईत काय करतोस, पगार किती. सगळं विचारलं, सगळं सांगितलं. मग म्हणाला, "आडनाव काय म्हनलासा?"

मी मोर्च्यात नाव घेऊन ओरडतो. कवितेखाली नाव छापतो. आणि त्या एसटीत माझ्या तोंडातून आलं, "मुंबईकर."

म्हातारा हसला, बरं म्हणाला. थोड्या वेळानं त्याला तहान लागली, माझी बाटली मागितली. तोंड वर करून वरून पाणी ओतून घेतलं. अहो, आपल्याकडं सगळेच वरून पितात, आजीसुद्धा वरूनच पिते. पण मी बघत राहिलो. ह्याला कळलं का? की सवयच अशी? बाटली परत घेताना माझा हात ओला झाला आणि नळदुर्ग येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसलो. शिवी दिली असती तर मी परत शिवी दिली असती. इथं कुणी काही केलंच नव्हतं, जे केलं ते मीच केलं होतं.

किल्ला तुमच्यापैकी कितीजणांनी बघितलाय? हात वर करा. बघा, चारच. आणि इथून जेमतेम दीड-दोन तासांची वाट. काळ्या खडकावर बांधलेला, बोरी नदीनं वेढलेला, शंभरावर बुरूज. एकेकाळी जिल्ह्याचं ठाणं इथंच होतं. निजामाकडं इंग्रजांची बाकी थकली म्हणून १८५३ साली हा मुलूख इंग्रजांकडं गेला. मेडोज टेलर नावाचा साहेब इथं बसून १८५७ पर्यंत कारभार बघत होता, आणि १८६० साली मुलूख निजामाला परत मिळाला. लिव्हिंग्स्टन तिकडं झांबेझीवर नाव ठेवत होता तेव्हा टेलरसाहेब इकडं नळदुर्गात होता. आपले पणजे-खापरपणजे तेव्हा काय करत होते ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. वेसकरकी करत असतील, दुसरं काय.

मुख्य किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ यांच्या मधून नदी जाते. तिच्यावर आडवा बंधारा घातलाय आणि बंधाऱ्याच्या पोटात महाल. पाणीमहाल. १६१३ सालचा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातला. बंधाऱ्यावरून पाणी दोन ठिकाणी कोसळतं, त्यांना नर आणि मादी म्हणतात. पाण्यालाही बाई-पुरुष करून ठेवलंय, ते बहिणींनी आपल्या पद्धतीनं बघून घ्यावं.

पायऱ्या उतरून मी आत गेलो. खिडकी आहे. खिडकीसमोर वरून पाणी पडतं, एवढ्या जवळ की हात लांब केला तर लागेल. कानात दुसरं काही ऐकू येत नाही. आणि आतला माणूस कोरडा. डोक्यावर नदी, पाठीमागं तलाव, समोर धबधबा, आणि अंगावर थेंब नाही. चारशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी डोक्यात हे आलं आणि कारागिरांनी ते करून दाखवलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. अंगावर काटा आला. सगळ्याच गोष्टींना शिव्या घातल्या म्हणजे माणूस क्रांतिकारक होतो असं नाही.

पण मी हमाल आहे, माझा हात भिंतीवर गेला. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, फूटभर जाड असा काळा दगड. एक घनफूट काळा दगड ऐंशी किलोच्या वर भरतो. म्हणजे हा एक अडीचशे किलोचा. आमच्या टोळीला क्रेन नसती तर आठ माणसं लागली असती, आणि इथं असे किती हजार. शहाचं नाव राहिलं, साल राहिलं. ज्यांनी पहारी लावून हे दगड चढवले, त्यांना बांधून झाल्यावर ह्या खिडकीत उभं राहू दिलं असेल का? माझ्या अंदाजानं नसेल.

आणि तिथंच मला दौलताबाद आठवलं. १९३४ साली बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांना घेऊन वेरूळ-दौलताबाद बघायला निघाले होते. ते चवदार तळ्यावर १९२७ ला गेले ते सत्याग्रहाला. इथं मात्र ते बघायला निघाले होते, आपल्यासारखेच, प्रवासी म्हणून. वाटेत त्रास नको म्हणून गाजावाजा न करता. दौलताबाद किल्ल्याच्या दरवाजाशी छोटा हौद होता, काठोकाठ भरलेला. प्रवासानं अंग धुळीनं भरलेलं, त्यांनी तोंड-हात-पाय धुतले. तेवढ्यात पाठीमागून ओरडा आला की ह्यांनी हौद बाटवला. शिवीगाळ, गर्दी, मारामारीपर्यंत प्रकरण गेलं. शेवटी किल्ला बघू दिला तो कुठंही पाण्याला हात लावायचा नाही ह्या अटीवर, आणि बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन. बाबासाहेबांनी हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त स्वतः लिहिलंय. विलायतेला जाऊन आलेला, गोलमेज परिषदेत बोललेला माणूस. किल्ला बघतोय आणि मागं शिपाई, ह्याचा हात पाण्याला लागतो का ते बघायला.

सात वर्षांनी, फेब्रुवारी १९४१ मध्ये, तेच बाबासाहेब आपल्या कसबे तडवळ्याला आले, महार-मांग वतनदार परिषदेला. हाच निजामाचा मुलूख.

माझ्या मागं शिपाई नव्हता. मी तिकीट काढून आलो होतो. खिडकीतून हात बाहेर काढला, पाण्याखाली धरला, कोपरापर्यंत भिजवला, चेहऱ्यावरून फिरवला. कुणी ओरडलं नाही. एका पोरानं उलट मोबाईल पुढं केला, "दादा, आमचा एक फोटो काढा ना." काढला. मग मात्र एसटीतला म्हातारा आठवला. शिपाई मी माझ्याच तोंडात बसवून घेतला होता.

बाहेर एक मावशी कणसं भाजत होती. तिनंही विचारलं, "कुनाचा रं तू?" इकडं हे विचारतातच. मी गाव सांगितलं, आजाचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं आणि कुठल्या वस्तीतला तेही सांगितलं. छाती धडधडत होती, हसू नका. ती म्हणाली, "माझा भाव बी मुंबईलाच हाय, दगदग लई," आणि कणसाला मीठ-लिंबू चोळून वीस रुपये घेतले. बास. कविता व्हावी असंसुद्धा काही झालं नाही. दुसऱ्या कुणापाशी दुसरं झालं असतं, हे मला माहीत आहे. पाण्यावरून आणि नावावरून आजही काय होतं ते इथं बसलेल्यांना मी सांगायची गरज नाही. पण म्हाताऱ्याला सांगायचं राहिलं ते राहिलंच. तो अणदूरच्या बाजूला निघून गेला.

संध्याकाळी गावात गेलो. आजीला मोबाईलमध्ये पाणी दाखवलं. तिनं मोबाईल डोळ्यांजवळ धरला आणि लांब धरला. शेजारच्या लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हा आपल्याकडंही टँकरमागं धावणाऱ्या बायांत ही म्हातारी होती. ती बराच वेळ बघत बसली. मग विचारलं, "ह्ये एवढं वाया जातंय का कुटं जातंय?" मी सांगितलं, बोरी पुढं भीमेला मिळते. "मंग ऱ्हाऊ दे," म्हणाली.

पुढच्या पावसाळ्यात तिला घेऊन जाणार आहे. पायऱ्या उतरवतील का तिला, ते बघू, नाहीतर पाठीवर घेईन, सवय आहे. तुमच्यातल्या कुणाला यायचं असेल तर या. पण माझं ऐकाल तर एकदा एकटे जा. टोळीनं गेलं की घोषणा देता येतात, आडनाव कुणी विचारत नाही.

आता अध्यक्ष घड्याळाकडं बघतायत, आणि सोलापूरला मला रात्रीची गाडी धरायचीय. उद्या दुपारची पाळी आहे, स्टीलच्या कॉईली उतरवायच्यात. जय भीम.