उटण्याचा रंग आणि वास



उटणे पिवळेधमक दिसावे म्हणून कित्येकजणी त्यात सुटी भडक हळद घालतात. अशा हळदीत कधी मेटॅनिल यलो, कधी शिशाचे क्रोमेट मिसळलेले निघते, आणि शिसे लेकरांच्या मेंदूला घातक! हळकुंडेही चकचकीत रंगवलेली नकोत. साधी आणून घरीच कुटावीत. आपल्या धर्माबादच्या मिरचीचा रंग कितीही देखणा असो, तो तोंडाला लावायचा नव्हे! लाली हवीच तर मंजिष्ठा घ्या.

वासाला अत्तर कशाला? नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा पुरे. वाळा चिवट, आधी कात्रीने बारीक करावा. गुलाबपाकळ्या सावलीतच वाळवा; उन्हात रंग जातो, वासही. वाटीभर मसुरीच्या पिठाला सगळे मिळून दोन चमचे खूप झाले. नंतर साबण लावताना अंगावरची हळद लाल दिसली तर भिऊ नका. तो साबणातल्या क्षाराचा गुण.