भात कमी, मग पोटाला काय?

इन्सुलीहून आम्ही बचतगटातल्या बायका बोलतोय.

‘साखर वाढलीय, भात कमी करा,’ असं दवाखान्यात सांगतात. पण रेशनवर मिळतो तो तांदूळ नि गहू. जून-जुलैत मासेमारी बंद, ताजा बांगडा परवडत नाही. मग खायचं काय?

गेल्या लावणीत आमच्यातल्या एका काकींनी सकाळची पेज सोडली, साखरेची गोळी मात्र घेतली. शेतातच घेरी आली. तेव्हा आम्ही शहाण्या झालो.

आता आम्ही भात सोडत नाही, मोजतो. एक वाटी भात, सोबत कुळथाची दाट पिठी. १०० ग्रॅम कुळथात २० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. पावसात टाकळा, कुर्डू, शेवग्याचा पाला फुकट मिळतो. सुके बांगडे खारट, म्हणून धुऊन, थोडेच. नाचणीची भाकरी चांगली, पण तिच्यातही पिष्ट भरपूर. म्हणून एकच.

गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नका.

आणि हो, सगळ्यांचं झाल्यावर टोपातला उरलेला भात संपवणाऱ्या आपणच. आजपासून आपली वाटी आधीच बाजूला काढूया.