जाग आली, बळ आले नाही



गतवर्षी माझ्या पित्ताशयावर शस्त्रक्रिया झाली. ती आटोपल्यावर परिचारिका मला नावाने हाक मारीत होती. हाक मला स्पष्ट ऐकू आली. परंतु 'हजर' म्हणावयास जीभ उचलेना, पापणी उघडेना, आणि श्वास अपुरा पडू लागला. "अजून झोपेत आहेत," असे कोणीसे म्हणाले. मी झोपेत नव्हतो! प्राणवायू देण्यात आला, दहाएक मिनिटांत सारे पूर्ववत झाले. मात्र त्या दहा मिनिटांचा उलगडा करून घेतल्यावाचून मला राहवेना.

भूल म्हणजे एकच औषध, अशी माझी समजूत होती. वस्तुतः झोप आणणारे औषध निराळे, वेदना शमविणारे निराळे आणि स्नायू शिथिल करणारे निराळे. या तिसऱ्याचा पूर्वज म्हणजे क्युरारे, दक्षिण अमेरिकेतील आदिवासींचे बाणाला लावावयाचे विष. १९४२ च्या जानेवारीत माँट्रियल येथे हॅरोल्ड ग्रिफिथ व एनिड जॉन्सन यांनी ते शस्त्रक्रियेत वापरले आणि भूलशास्त्राला नवी दिशा दिली. आजची औषधे पुष्कळ सुधारलेली आहेत. पण मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोहोचू न देणे हे काम तेच. झोपेचा अंमल आधी उतरला आणि हा मागे रेंगाळला, की मन जागे आणि देह परका.

यातील खरी मेख अशी की, श्वासपटल लवकर सावरते, घशाचे स्नायू मागाहून. रोगी श्वास घेताना दिसतो म्हणून सारे निर्धास्त होतात; आणि तेवढ्यात लाळ वा उलटी श्वासनलिकेत उतरू शकते. पाच सेकंद डोके उचलून धरावयास सांगण्याची जुनी परीक्षा येथे अपुरी पडते, कारण दुबळा स्नायूही तीत उत्तीर्ण होतो. (शिक्षकाला हे पटण्यास वेळ लागला नाही.) खात्रीची परीक्षा मनगटाशी होते. तेथील मज्जातंतूला विजेचे चार सूक्ष्म धक्के देतात, आणि अंगठा किती हलला ते यंत्र मोजते. चौथी हालचाल पहिलीच्या निदान ९० टक्के भरली, तरच घशातील नळी काढावी, असे आज मानतात. कमी भरली तर निओस्टिग्मीन किंवा अलीकडचे सुगॅमाडेक्स हे उतारे आहेत. मात्र दुसरा ठराविक औषधांवरच चालतो.

माझ्या वेळी हे यंत्र लावले होते काय, हे मी विचारले नाही. विचारावे हेच ठाऊक नव्हते. पुढील महिन्यात धाकट्या बहिणीची शस्त्रक्रिया आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आम्ही आधीच भेटून आलो. त्यांनी यंत्र काढून दाखविले. बहिणीने विचारले, "आणि मी जागी झाले, पण बोलता आले नाही, तर?"

"मी उशाशीच असेन," डॉक्टर म्हणाले, "आणि तुम्हांला सर्व ऐकू येते आहे, असे धरूनच बोलेन."