तोतयांचा नवा अवतार आणि फौजदारी कायदा
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



यंदा काही कालोचित विषयावर चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाने मला आज्ञा केली. मी वकील नव्हे. परंतु हयातभर मास्तरकी केल्यामुळे प्रगतिपुस्तकावरील वडिलांची खोटी सही ओळखण्याचा बराच सराव झाला आहे. तेवढ्याच अधिकारावर मी आज ‘डीपफेक’ या विषयाला हात घालीत आहे.

खऱ्या माणसाचा चेहरा व आवाज यंत्राच्या साह्याने उचलावयाचा आणि त्याने जे कधी केले नाही, बोलले नाही, ते त्याच्याकडून करवून दाखवावयाचे, याला हे इंग्रजी नाव आहे. आपल्या भाषेत त्यास जुना शब्द आहे : तोतया. पानिपतच्या रणात १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले. पुढे एक मनुष्य ‘मीच भाऊ’ म्हणून उभा राहिला, त्याच्यामागे माणसे जमली, कोकणातील किल्ले त्याच्या ताब्यात गेले, आणि १७७६ साली त्यास देहदंड होईपर्यंत पुणे दरबारास स्वस्थता लाभली नाही. त्या तोतयास निदान स्वतःचा देह पुढे करावा लागला. आजच्या तोतयास तेवढेही धाडस नको.

कायदा अगदीच मुका आहे असे नाही. तोतयेगिरी करून ठकविणे हा १८६० च्या दंडसंहितेपासूनचा गुन्हा असून, १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ मध्ये त्यास पाच वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ डी संगणकाद्वारे केलेल्या अशाच ठकबाजीस तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरांच्या तोंडी एका खेळाची खोटी जाहिरात घातली गेली, तेव्हा मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदविला.

पण अडचण पुढेच आहे. एखाद्या मुलीचा चेहरा परक्या उघड्या देहावर बसवून ते चित्र चार टवाळ मित्रांनी एकमेकांस धाडले, तर येथे ठकला कोण? चित्र खोटे आहे हे त्या चौघांनाही ठाऊक असते. पैसा कोणाचाच गेलेला नाही. कलम ६६ ई खाजगी अवयवांचे चित्र चोरून घेण्याविरुद्ध आहे. पण येथे देह तिचा नव्हेच! उरते ते अश्लीलतेचे कलम. त्याने शिक्षा होऊ शकते, परंतु त्या कलमाच्या दृष्टीने दुखावते ती समाजाची सभ्यता. मुलीची संमती होती की नाही, हा प्रश्न ते विचारीत नाही. माझ्या मते सगळे मर्म या एका प्रश्नात आहे.

इतर देशांनी तो विचारला. ब्रिटनमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून अशी चित्रे संमतीवाचून प्रसृत करणे गुन्हा ठरले, आणि २०२५ च्या कायद्याने ती बनविणे व बनवून मागणे हेही. दक्षिण कोरियाने २०२४ साली ती जवळ बाळगणाऱ्यास व पाहणाऱ्यासही तीन वर्षांपर्यंत कारावास ठेवला. अमेरिकेत १९ मे २०२५ रोजी संमत झालेल्या कायद्याने, तक्रार येताच ४८ तासांत चित्र काढून टाकण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. तेथील न्यू जर्सी राज्याने त्याच वर्षी एप्रिलमध्ये फौजदारी कायदा केला. त्यामागे एका शाळकरी मुलीची चळवळ होती, हे या सभेतील मुलींनी विशेष ध्यानात घ्यावे.

तथापि कायदा नुसता कडक करून भागत नाही. जानेवारी २०२४ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या मतदारांना राष्ट्राध्यक्ष बायडन यांच्या नकली आवाजात, प्राथमिक निवडणुकीत मत देऊ नका, असे दूरध्वनी गेले. करविणाऱ्यास साठ लाख डॉलरांचा दंड झाला. पण फौजदारी खटल्यात जून २०२५ मध्ये ज्यूरीने त्यास निर्दोष सोडले. कॅलिफोर्नियाचा निवडणुकीविषयीचा असाच कायदा न्यायालयाने भाषणस्वातंत्र्यासाठी रद्द केला. गणेशोत्सवात पुढाऱ्याची नक्कल करणारा कलावंत आणि खोटा पुरावा रचणारा बदमाष यांना एकाच कोठडीत टाकणारा कायदा मलाही नको. फसविण्याचा हेतू आणि संमतीचा अभाव, या दोन गोष्टी कलमात स्पष्ट लिहिल्या पाहिजेत.

आता घरचे बोलतो. इंद्राने गौतमाचे रूप घेतले, कपट त्याचे. शिळा मात्र अहल्या झाली. आपल्या घरांतूनही असे काही घडले की पहिला जाब मुलीलाच विचारला जातो, तिचा फोन काढून घेतला जातो, शिक्षण थांबते, आणि स्थळ मोडेल या भीतीने तक्रार दाबली जाते. गुन्हेगारास याहून मोठे अभय कोणते? पालकांनी प्रथम चित्र व त्याचा दुवा यांची नोंद जपून ठेवावी आणि सायबर पोलिसांकडे जावे. स्त्रिया व मुलांविषयीची अशी तक्रार सरकारी संकेतस्थळावर नाव न देताही करता येते. पैशाची ठकवणूक असल्यास १९३० हा क्रमांक आहे.

दुसरे आपल्या वधू-वर परिचय पुस्तिकेसंबंधी. तीत मुलींची मोठी छायाचित्रे, पत्ते व दूरध्वनी छापतो, आणि तीच पुस्तिका व्हॉट्सअॅपवरून कोठवर फिरते हे कोणासही सांगता यावयाचे नाही. पुस्तिका केवळ छापील असावी, तीत मुलीऐवजी मंडळाचा क्रमांक द्यावा, आणि छायाचित्र इच्छुक कुटुंबास कार्यालयातच दाखवावे, असा ठराव मी लेखी आणला आहे. तो याच सभेपुढे मतास टाकण्याची अनुमती अध्यक्षांनी द्यावी.