दार सोडलं नाही

मंडळी, तुकोबारायांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या. त्याआधी दुष्काळात बायको गेली, पोर गेलं. तेव्हा महाराजांनी देव धरला. आता त्यानंच पाठ फिरवल्यावर जावं कुणाकडं? महाराज देहूत, देवाच्या दारातच शिळेवर पडून राहिले. १३ दिवस. अन्न नाही, पाणी नाही. आपण काय करतो? एक नवस फसला की माळ खुंटीला! हसू नका, मीही टांगली होती एकदा. महाराज देवाशी भांडले, नाही नाही ते बोलले, पण दार सोडलं नाही. अहो, जो नाहीच त्याच्याशी कोण भांडतं? वह्या तरल्या, हे सगळे सांगतात. मला मात्र सातवी रात्र दिसते. अजून काहीच घडलेलं नाही. नदी गप्प, देव गप्प, आणि महाराज तिथंच.