पाऊस समोरून येतो

पुण्याहून लोणावळा साधारण 65 किलोमीटर. पण पुण्यात वर्षाकाठी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि लोणावळ्यात 4000च्या वर. तळेगावपर्यंत रिमझिम, कामशेत ओलांडले की सरी आणि कार्ल्यापासून पुढे नुसती धार, असा हा चढता पाऊस. द्रुतगती मार्ग 2002 मध्ये पुरा झाला, पण तिथे दुचाकीला मज्जाव. आम्हा मोटारसायकलवाल्यांना जुना महामार्गच. मी तळेगावात राहतो आणि लोणावळ्यात शाळेत शिकवतो. दर जूनला कोणीतरी विचारतेच, "सर, रेनकोट कुठला घेऊ?" मी म्हणतो, कुठला ते नंतर पाहू, आधी गाडीवर कसे बसता ते सांगा.

मावळात बायका भातलावणीला इरले घेतात. बांबूच्या कामट्या, त्यांत पळसाची पाने; अलीकडे प्लास्टिकचा कागद. उभ्या माणसाच्या डोक्यावर ते अवघडच दिसते. पण वाकून रोपे लावणाऱ्या बाईची पाठ त्याखाली कोरडी राहते आणि दोन्ही हात मोकळे. काम करताना अंग जसे असते, तसे ते पांघरूण. आपला साधा रेनकोट मात्र चालणाऱ्या माणसासाठी बेतलेला असतो. चालणाऱ्याला पाऊस वरून लागतो; आपल्याला नाही. मोठा थेंब ताशी 30 किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येतो. आपण 60ने पुढे जात असलो, तर तो छातीवरच आदळणार. पुढच्या ट्रकची चाके खालून फवारा मारतात, तो वेगळाच.

म्हणून पहिल्यांदा छाती पाहावी. नुसत्या बटणांतून वारा पाणी आत घुसवतो. चेन हवी आणि तिच्यावर दुहेरी पट्टी हवी. मग पँट. लोक कोटाला पैसे घालतात आणि पँट मिळेल ती घेतात, हे माझ्या मते उलटे आहे. बसल्यावर मांड्यांमध्ये जो खोलगा होतो त्यात पाणी साचते, आणि नेमक्या तिथेच शिवणी एकत्र येतात. वर आपले वजन पाणी आत रेटते. कापड कितीही चांगले असो, सुईने पाडलेली भोके उघडीच राहतात. तेव्हा पँट उलटी करा. प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली दिसली पाहिजे.

पवन मावळातून किटल्या लावून येणारे एक दूधवाले काका दुकानात रेनकोट पाहत होते. अंगात घातला आणि थेट बाहेर जाऊन स्वतःच्या गाडीवर बसले, हात हँडलवर. मनगट उघडे पडले, पायघोळ वर सरकली. काकांनी रेनकोट परत केला. मला म्हणाले, "उभं राहून काय कळतंय, मास्तर? आपल्याला काय वरातीत जायचंय?" रेनकोट घेण्याची याहून चांगली परीक्षा मला ठाऊक नाही. एक माप मोठा घ्यावा लागतो, तो यासाठीच.

कापडाचे म्हणाल, तर 1823 मध्ये मॅकिंटॉशने दोन कापडांमध्ये रबर घालून पेटंट घेतले, तेव्हापासून दुखणे एकच : पाणी आत येत नाही आणि घामही बाहेर जात नाही. आता वाफ बाहेर सोडणारे महागडे कापड मिळते. ते आतल्या आणि बाहेरच्या दमटपणातल्या फरकावर चालते. जुलैत लोणावळ्याची हवाच पाण्याने गच्च असते, मग फरक उरतो किती? रोजच्या जाण्यायेण्याला मी त्यावर खर्च करणार नाही. त्या पैशात जलरोधक हातमोजे येतात. भिजल्याने काय होते, असे तरुण पोरे म्हणतात. खंडाळ्याच्या घाटात ओल्या बोटांवर अर्धा तास वारा लागला की बोटे आखडतात आणि ब्रेक दाबायला उशीर होतो. त्यात ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला अंतरही जास्त लागते.

रंग पिवळा किंवा नारिंगी घ्या, पाठीवर चमकणारी पट्टी असलेला. धुक्यात काळा रेनकोट मागच्या ट्रकवाल्याला दिसत नाही. लोंबणारा, झग्यासारखा रेनकोट गाडीवर नकोच. त्याचे टोक साखळीत किंवा चाकात जाते. आणि मागे बसलेल्या वहिनींनी छत्री उघडू नये. वारा ती मागे ओढतो आणि तोल जातो. त्यांच्यासाठीही पँटसह पुरा जोड घ्या, साडी असली तरी.

तो अंगात घालायचा वडगावला, कोरडे असताना. कामशेतला झाडाखाली थांबून ओल्या कपड्यांवर चढवला, तर ओल आतच कोंडते. घरी आल्यावर घडी करून डिकीत कोंबू नका. उलटा करून पंख्याखाली टांगा. उन्हात मात्र नको, आतला लेप तडकतो. अर्थात मावळात जुलैत ऊन मिळाले तर.